जर्मनीत बिल्डिंगची किल्ली हरवली तर पैसे कोणी भरायचे? नव्याने आलेल्यांसाठी

पुण्या-मुंबईहून, नागपूरहून जर्मनीत नवीन आलेल्यांना किल्लीचं एवढं टेन्शन कशाला घ्यायचं हे सुरुवातीला कळतच नाही, कारण आपल्याकडे किल्ली हरवली की कोपऱ्यावरच्या चावीवाल्याला बोलवायचं, तो कानस घेऊन दारात बसतो आणि थोड्या वेळात नवी किल्ली हातात. इथे मात्र हरवलेल्या एका किल्लीपायी हजार-दीड हजार युरोचं पत्र येऊ शकतं, मोठ्या बिल्डिंगमध्ये त्याहूनही जास्त. आणि मला सगळ्यात वाईट याचं वाटतं की बरीच मुलं ते जर्मन पत्र बघून घाबरतात आणि सरळ पैसे भरून टाकतात, किंवा डिपॉझिटमधून कापले तरी गप्प बसतात, खरं तर कायद्याने त्यातला मोठा हिस्सा, कधीकधी सगळाच, देणं लागत नसतो.

म्हणून उत्तर आधीच सांगतो. सगळी कुलपं बदलण्याचा खर्च तुमच्यावर तेव्हाच येतो जेव्हा चार गोष्टी एकत्र जुळतात: किल्ली तुमच्या निष्काळजीपणामुळे गेली, ती ज्याला सापडेल त्याला बिल्डिंग कुठली हे कळू शकतं म्हणजे गैरवापराची खरी भीती आहे, कुलपं प्रत्यक्षात बदलली गेली, आणि लावलेला खर्च वाजवी आहे. यातली एक जरी गोष्ट नसली तरी लगेच पैसे पाठवू नका, आधी लेखी विचारा.

एवढा खर्च येतो तरी कशाचा

इथल्या बऱ्याच अपार्टमेंट बिल्डिंगमध्ये श्लिसआनलागे असते, म्हणजे सगळ्या कुलपांची मिळून एकच जोडलेली सिस्टीम. तुमची एकच किल्ली तुमचं दार उघडते, खालचं मेन दार उघडते, तळघर, सायकलींची खोली, कधी कचऱ्याच्या डब्यांची जागा पण, पण शेजाऱ्याचं दार उघडत नाही. हे सगळं एका आराखड्याप्रमाणे बसवलेलं असतं आणि किल्लीची कॉपी सहसा कुठल्याही दुकानात होत नाही, त्यासाठी सिस्टीमचं सिक्युरिटी कार्ड लागतं, ते घरमालकाकडे किंवा बिल्डिंग सांभाळणाऱ्या हाउसफरवाल्टुंगकडे असतं. आता एक किल्ली बाहेर फिरतेय म्हणजे मेन दाराचं कुलूप धोक्यात, ते बदललं की बाकीच्या सगळ्यांच्या किल्ल्या तिथे चालेनाशा होतात, मग सगळ्या फ्लॅट्सचे सिलिंडर, म्हणजे कुलपाचा किल्ली घालायचा भाग, बदला, प्रत्येकाला तीन-तीन नव्या किल्ल्या द्या, असं करत आकडा फुगतो.

पण प्रत्येक बिल्डिंग अशी नसते. जुन्या घरांमध्ये मेन दाराची किल्ली वेगळी आणि फ्लॅटची वेगळी असते, तिथे प्रश्न एक-दोन कुलपांचाच असतो. आणि किल्लीऐवजी चिप असेल तर हरवलेली चिप सिस्टीममधून बंद करता येते, नवी चिप आणि थोडं कामाचं बिल एवढंच व्हायला हवं, तिथे कोणी हजार युरो मागत असेल तर नक्की कशाचे ते विचाराच.

घरात शिरतानाच करायची कामं

किल्ली हरवायच्या आधी केलेलं काम सगळ्यात उपयोगी पडतं. फ्लॅट ताब्यात घेताना युबरगाबे-प्रोटोकोल, म्हणजे ताबा दिल्या-घेतल्याची नोंद, भरतात, त्यात किती किल्ल्या मिळाल्या तो आकडा लिहिलेला असतो. तो वाचल्याशिवाय सही करू नका, हातात दोन किल्ल्या आणि कागदावर तीन असं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या, कारण घर सोडताना तुमची ती सहीच पुढे येणार. मेन दार, फ्लॅट, तळघर, लेटरबॉक्स, सगळ्या किल्ल्या टेबलावर मांडून फोटो काढा, किल्लीवर नंबर असेल तर तो वाचता येईल असा.

घरमालकाने तुम्हाला न विचारता तुमच्या फ्लॅटची किल्ली स्वतःकडे ठेवायची नसते, सगळ्या किल्ल्या तुमच्या ताब्यात द्यायच्या असतात. त्यामुळे जास्तीची किल्ली त्याच गावातल्या विश्वासातल्या मित्राकडे ठेवा, तुमच्याच घरातल्या ड्रॉवरमध्ये ठेवून उपयोग नाही. जुडग्याला नाव-पत्त्याचा टॅग अजिबात लावू नका, सापडली तर लोक परत करतील हा विचार चांगला आहे पण इथे तोच टॅग तुमच्या विरोधात पुरावा होतो.

आणि हाफ्टप्लिश्ट इन्शुरन्स घ्या, हे कळकळीने सांगतो. आपल्याकडे ही पद्धत नाही म्हणून नवीन लोक टाळतात, पण एकट्या माणसाला वर्षाला साधारण ५० ते १०० युरोत मिळतो आणि दुसऱ्याचं तुमच्याकडून नुकसान झालं तर ते भरून देतो. घेताना एकच गोष्ट नीट बघा, पॉलिसीत दुसऱ्याच्या मालकीच्या किल्ल्या हरवणं कव्हर आहे का आणि किती रकमेपर्यंत, कारण जुन्या आणि अगदी स्वस्त पॉलिसींमध्ये हे नसू शकतं. ऑफिसची किल्ली किंवा कार्ड हा वेगळा मुद्दा असतो, तो कव्हर हवा असेल तर तसं पॉलिसीत लिहिलेलं पाहिजे. किल्ली हरवल्यावर पॉलिसी घेतली तर त्या किल्लीसाठी काहीच मिळत नाही.

रात्री दाराबाहेर अडकलात तर

इथल्या फ्लॅटच्या दाराला बाहेरून फिरणारं हँडल नसतं, नुसती मूठ असते, दार ओढलं की लॅच लागतं आणि तुम्ही बाहेर. शिवाय आतल्या बाजूने किल्ली कुलपातच राहिली असेल तर साध्या सिलिंडरमध्ये बाहेरून दुसरी किल्ली चालत नाही, तेव्हा आत किल्ली लावून ठेवायची सवय आजच सोडा.

आधी ज्याच्याकडे जास्तीची किल्ली आहे त्याला फोन, मग रूममेटला, मग हाउसमाइस्टरला म्हणजे बिल्डिंगच्या केअरटेकरला. कोणीच नसेल तर श्लुसेलडीन्स्ट, म्हणजे दार उघडून देणारे, आणि इथे फसवणूक खूप होते. इंटरनेटवर सगळ्यात वर जाहिरात दिसते, फुकटचा हॉटलाइन नंबर असतो, पण गावातला पत्ता नसतो, माणूस येतो लांबून आणि मग प्रवासाचे, रात्रीचे, रविवारचे असे पैसे लावत जातो. फरब्राउखरत्सेंट्राल ही ग्राहकांची संस्था वर्षानुवर्षं याबद्दल सावध करतेय. तुमच्याच गावात खरोखर दुकान असलेला माणूस शोधा, फोनवरच येण्या-जाण्यासकट पूर्ण किंमत विचारा, आणि सांगा की दार नुसतं ओढलं गेलंय, किल्ली फिरवून लॉक केलेलं नाही. नुसतं लॅच लागलेलं दार जाणकार माणूस सहसा काही न मोडता उघडतो, आल्या आल्या ड्रिल काढून सिलिंडर फोडायला निघाला तर थांबवा. ठरल्यापेक्षा जास्त मागून धमकावत असेल तर ११० ला फोन करून पोलिसांना बोलवा, इथे लोक बोलावतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

हा दार उघडायचा खर्च तुमचाच. अपवाद एवढाच की कुलूपच जुनं होऊन बिघडलं किंवा झिजलेली किल्ली नेहमीसारखी फिरवताना आत तुटली, तर ती दुरुस्ती घरमालकाची, तेव्हा फोटो काढा, तुटलेला तुकडा जपून ठेवा आणि रात्र नसेल तर आधी त्यालाच कळवा.

दुसऱ्या दिवशी: शोधा आणि कळवा

जर्मनीत हरवलेल्या वस्तू परत मिळायचं प्रमाण आपल्याला वाटतं त्यापेक्षा चांगलं आहे. प्रत्येक गावात फुंडब्युरो असतं, नगरपालिकेचं हरवलं-सापडलं ऑफिस, बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन शोधता येतं. बस-ट्रामवाल्यांचं स्वतःचं वेगळं असतं, आणि ट्रेनमध्ये राहिली असेल तर डॉइचे बानच्या साइटवर हरवल्याची नोंद करता येते. सापडलेली वस्तू तिथे पोचायला काही दिवस जातात, म्हणून एकदा विचारून सोडू नका, पुन्हा विचारा.

आणि शोधता शोधताच घरमालकाला ईमेल करा. इथे लोक चुकतात, आठवडाभर वाट बघतात, सापडेल म्हणून, किंवा घर सोडेपर्यंत लपवतात. कळवणं हे भाडेकरू म्हणून तुमचं कर्तव्य आहे आणि न कळवल्यामुळे पुढे चोरी वगैरे झाली तर मामला फार वाढतो. ईमेल छोटा ठेवा: कुठली किल्ली, कधीपासून दिसत नाही, साधारण कुठे गेली असावी, तिच्यावर नाव-पत्ता नव्हता, फुंडब्युरोत नोंद केली आहे, आणि नवी किल्ली बनवायला सिक्युरिटी कार्ड किंवा परवानगी हवी. बास. "माझी चूक आहे, सगळा खर्च मी देतो" असं माफीच्या ओघात लिहू नका. आपल्याला सवय असते समोरच्याला बरं वाटावं म्हणून आधीच सगळं कबूल करायची, पण इथे ते वाक्य तुमच्यावर शेकू शकतं आणि इन्शुरन्सवाले पण म्हणतात की आम्हाला विचारल्याशिवाय काही मान्य करू नका. त्याच दिवशी त्यांनाही कळवा.

तोपर्यंत भीती वाटत असेल तर स्वतःच्या फ्लॅटच्या दाराचा सिलिंडर तुम्ही तात्पुरता बदलू शकता, अवघड नसतं, दाराच्या कडेला एक लांब स्क्रू असतो तो काढायचा, किल्ली थोडी फिरवून सिलिंडर ओढायचा, आत-बाहेरची लांबी मिलिमीटरमध्ये मोजून हार्डवेअरच्या मोठ्या दुकानातून तसाच आणायचा, बाहेरच्या बाजूला तो ३ मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे येता कामा नये. जुना सिलिंडर फेकू नका, घर सोडताना तोच परत बसवून द्यायचा आहे. फर्निश्ड रूम किंवा हॉस्टेल असेल तर आधी विचारा.

चूक नक्की कोणाची

जर्मन कायद्यात, बीजीबी म्हणजे नागरी कायद्याच्या कलम २८० प्रमाणे, नुकसानभरपाई देण्यासाठी तुमची चूक लागते. पण किल्ली तुमच्या ताब्यात होती म्हणून आधी असंच धरतात की चूक तुमची, ती नव्हती हे तुम्हाला सांगता यावं लागतं. म्हणून काय घडलं ते आठवतंय तोवर लिहून ठेवा.

बॅग ओढून नेली, खिसा मारला, घरफोडीत किल्ल्या गेल्या, आणि तुम्ही नेहमीची काळजी घेतली होती, तर चूक तुमची नाही आणि कुलपांचा खर्च घरमालकाचा. पोलिसात तक्रार मात्र हवीच, बहुतेक राज्यांत ऑनलाइन करता येते, तिची कॉपी जपून ठेवा. याउलट किल्ली गाडीच्या सीटवर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली, कॅफेत टेबलावर विसरलात, बॅग तशीच सोडून गेलात, तर निष्काळजीपणा धरला जातो. आईबाबा भारतातून आलेत आणि त्यांच्या हातून हरवली किंवा रूममध्ये राहायला आलेल्या मित्राकडून गेली, तरी घरमालकापुढे उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.

काही करारांमध्ये छापलेलं असतं की किल्ली हरवली तर चूक असो नसो, पूर्ण सिस्टीमचा खर्च भाडेकरूचा. छापील करारातलं असं कलम टिकत नाही, त्यावर सही केली असली तरी.

दुसरा प्रश्न गैरवापराचा. किल्ली नदीत पडली, किंवा तीन गावं पलीकडे ट्रेकला जंगलात पडली आणि तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, तर ती कुणाला सापडून तो तुमच्या बिल्डिंगपर्यंत येईल हे जवळपास अशक्य, मग सिस्टीम बदलायची गरजच नाही, एका नव्या किल्लीचे पैसे द्या. पण किल्ली पाकिटासकट गेली आणि पाकिटात पत्त्याचं कार्ड होतं, किंवा बिल्डिंगच्या दारातच पडली, तर भीती खरी आहे आणि ते मान्य करायला हवं, शेवटी त्या बिल्डिंगमध्ये म्हातारी माणसं, लहान मुलं पण राहतात.

पत्र आलं, आता काय

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. पत्रासोबत काय जोडलंय ते बघा. कोस्टनफोरआनश्लाग लिहिलं असेल तर तो फक्त खर्चाचा अंदाज आहे, काम झालेलं नाही. रेख्नुंग लिहिलं असेल तर ते बिल.

हायडेलबर्गमधला खटला सगळ्यांना माहीत असायला हवा. २०१० मध्ये एक भाडेकरू थोडेच महिने राहून घर सोडून गेला, प्रोटोकोलमध्ये दोन किल्ल्या होत्या, परत दिली एकच. बिल्डिंगच्या व्यवस्थापनाने घरमालकाकडे सिस्टीम बदलण्यासाठी १,४६८ युरो आधी मागितले, घरमालकाने ते भरले नाहीत, सिस्टीम बदललीच नाही, पण भाडेकरूवर दावा लावला. खालच्या दोन्ही कोर्टांनी घरमालकाला पैसे मिळवून दिले. प्रकरण कार्ल्सरूहच्या बुंडेसगेरिख्ट्सहोफपर्यंत, म्हणजे दिवाणी खटल्यांच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत गेलं आणि ५ मार्च २०१४ ला त्यांनी ते निकाल फिरवले. खटल्याचा नंबर VIII ZR 205/13. कोर्टाचं म्हणणं असं की गैरवापराच्या भीतीमुळे सिस्टीम बदलायचा खर्च भाडेकरूवर येऊ शकतो, पण ती खरोखर बदलली तरच, नुसती कुठेतरी किल्ली फिरतेय या शंकेला नुकसान म्हणत नाहीत.

याचा साधा अर्थ, अंदाजपत्रकावर पैसे द्यायचे नाहीत. एवढंच लेखी कळवा की काम झाल्यावर बिल पाठवा, मग बघू, आणि या निकालाचा उल्लेख करा. कितीतरी वेळा त्यानंतर पत्रच येत नाही, कारण काम करायचं कोणाच्या मनातच नसतं. आणि किल्ली जाऊन महिनेच्या महिने लोटले, कोणी काही केलं नाही, आणि अचानक सिस्टीम बदलायची आठवण झाली, तर एवढा धोका होता तर इतके दिवस काय केलं हा प्रश्न तुम्ही नक्की विचारू शकता.

काम खरंच झालं असेल तरी बिल जसंच्या तसं मान्य करू नका. किती सिलिंडर, किती किल्ल्या, मजुरी किती हे वेगवेगळं मागा. फक्त मेन दाराचे आणि तळघराचे सिलिंडर नव्याने जुळवून भागलं असतं का ते विचारा, काही सिस्टीममध्ये होतं. सिस्टीम किती जुनी होती हेही विचारा, कारण वीस वर्षं वापरलेल्या कुलपांच्या जागी नवीकोरी आली तर जुन्याच्या बदल्यात नवं म्हणून काही कोर्टं रक्कम कमी करतात, सगळी नाही, पण मुद्दा मांडायचाच. आणि या संधीत जास्त चांगली, महागडी सिस्टीम बसवून घेतली असेल तर वरचा फरक तुमचा नाही.

हे सगळं एकट्याने लढायची गरज नाही. हाफ्टप्लिश्ट असेल तर पत्र तसंच्या तसं कंपनीला पाठवा, मागणी योग्य असेल तर ते भरतात आणि चुकीची असेल तर तुमच्या वतीने तेच नकार देतात, हा दुसरा फायदा बऱ्याच जणांना माहीतच नसतो. पॉलिसीत स्वतः भरायची ठरावीक रक्कम असेल तर तेवढी जाईल. इन्शुरन्स नसेल तर गावातल्या मीटरफराइनचं म्हणजे भाडेकरू संघटनेचं सभासद व्हा, सल्ला लगेच मिळतो, फक्त कोर्टाच्या खर्चाचं संरक्षण सभासद होण्याआधीच्या भांडणाला मिळत नाही. विद्यार्थ्यांना युनिव्हर्सिटीत विद्यार्थी संघटनेकडे बऱ्याचदा फुकट कायदेशीर सल्ला असतो, तो नक्की वापरा.

शेअर्ड फ्लॅट आणि हॉस्टेल

वेगे (WG) म्हणजे शेअर्ड फ्लॅटमध्ये तुमचा करार कोणाशी आहे त्यावर सगळं ठरतं. एक जण मुख्य भाडेकरू आणि तुम्ही त्याचे पोटभाडेकरू असाल तर घरमालक त्याला पकडणार आणि तो तुम्हाला, पण तुमच्याकडून मागताना सगळे नियम तेच, काम झालं का, बिल कुठे. सगळ्यांची सही एकाच करारावर असेल तर घरमालक पूर्ण रक्कम कोणाही एकाकडून मागू शकतो, मग आपापसात ज्याच्या हातून हरवली त्याने द्यायचे, हे आधीच बोलून ठेवलेलं बरं. विद्यार्थी हॉस्टेलमध्ये काही भाडेनियम वेगळे असले तरी नुकसानभरपाईचे हेच.

घर सोडताना

डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढं घेता येतं, त्यामुळे पैसे त्यांच्या हातात असतात आणि किल्लीचा खर्च तिथूनच कापायचा मोह होतो. घर परत मिळाल्यापासून घरमालकाला नुकसानीचा दावा करायला बीजीबीच्या कलम ५४८ प्रमाणे सहाच महिने असतात, पण जुलै २०२४ मध्ये त्याच सर्वोच्च कोर्टाने सांगितलं की रोख डिपॉझिटमधून वजा करण्यासाठी ही मुदत उलटली तरी चालतं. म्हणजे सहा महिने झाले, आता सुटलो, असं समजून बसू नका. कापले असतील तर कशाचे, बिल कुठे, हे लेखी मागा आणि उत्तराला तारीख द्या.

किल्ल्या परत देताना स्वतः बनवून घेतलेल्या कॉप्याही द्या. एक किल्ली कमी असेल तर ती हरवल्याचं तुम्ही कधी कळवलंत तो ईमेल सोबत ठेवा, आणि किती किल्ल्या, कोणत्या, कुठल्या तारखेला दिल्या यावर घेणाऱ्याची सही घ्या. हाउसमाइस्टर घाईत असेल, लेटरबॉक्समध्ये टाका म्हणेल, तर नाही म्हणा, पाच मिनिटं थांबायला लावा. तुम्ही आधीच भारतात परत निघाला असाल आणि मित्र तुमच्या वतीने देणार असेल तर त्याला तसं अधिकारपत्र लिहून द्या, आणि सही केलेल्या कागदाचा फोटो तो तिथूनच पाठवेल असं ठरवा.